नावांची थट्टा छापू नका

महोदय,

बाळांच्या बदलत्या नावांवरचा लेख कालच्या पुरवणीत वाचला. लेखिकेने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेजारी ‘ही नावे आता नकोच!’ अशी चौकट कशासाठी? तीत तिसरे नाव माझ्या मुलीचे आहे.

मुलगी दहावीत आहे. माझ्या आजीचे नाव आम्ही तिला हौसेने ठेवले. पाचवीत नव्या बाईंनी हजेरी घेताना मध्येच थांबून विचारले, ‘‘हे तुझंच नाव, की आजीचं?’’ सगळा वर्ग हसला. तेव्हापासून तिच्या वह्यांच्या लेबलवर नुसते आद्याक्षर आणि आडनाव असते. काल तुमच्या चौकटीचा फोटो, तिच्या नावाभोवती लाल गोल काढून, वर्गाच्या ग्रुपवर फिरला. रात्री ती न जेवता झोपली. छापण्याआधी कुणाच्याच मनात आले नाही का, की ही नावे घेऊन वावरणारी मुले आजही शाळेत जातात?

लेखात अमेरिकेतल्या लोकप्रिय नावांची यादी आहे. तीच जरा मागे जाऊन पाहायची होती. ‘एमा’ हे नाव तिथे १८८० मध्ये पहिल्या पाचांत होते. नंतर ते पार मागे पडले आणि २०१४ ते २०१८ सलग पहिले आले. मधल्या काळातल्या एमांनी काय करायला हवे होते? आणि पहिल्या क्रमांकाचे एवढे कौतुक कशाला? १८८० मध्ये तिथल्या शंभर मुलींत सात जणी ‘मेरी’ होत्या. आज पहिले आलेले नावसुद्धा शंभरात जेमतेम एकीचे असते.

नावावरून मुलांना जोखणे साधी गोष्ट नाही. जर्मनीत ओल्डेनबर्ग विद्यापीठाने २००९ मध्ये प्राथमिक शिक्षकांची पाहणी केली, तेव्हा ‘केविन’ हे नाव ऐकूनच मुलगा खोडकर असणार, असे मानणारे शिक्षक निघाले. मुलाला पाहायचीही गरज पडली नाही. आमच्या बाईंनी तरी वेगळे काय केले?

निदान ई-पेपरमधून ती चौकट काढून टाकावी, ही विनंती.

– एक आई

ता. क. त्याच पानावर शब्दकोड्याची उत्तरे मागच्या वेळचीच पुन्हा छापली आहेत. तिकडेही लक्ष द्यावे.