रक्तदान शिबिरात एक पडदा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारा वर्षांपासून मी आमच्या भागातल्या रक्तदान शिबिरांत दात्यांचे फॉर्म भरून घेतो. गेल्या 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या शिबिरात, एक तरुण फॉर्म अर्धवट ठेवून मांडवाबाहेर जाऊन उभा राहिला. जवळ गेलो तर मान खाली घालून म्हणाला, "काका, आठ दिवसांखाली लग्न झालंय माझं. माझं रक्त चालतं का?" संबंध आल्यावर रक्त नासतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. मी त्याला आत आणलं. हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर, वजनही भरपूर. त्यानं रक्त दिलं.

नवरा-बायकोच्या संबंधानं, दोघांपैकी कुणाला संसर्ग नसेल तर, रक्तदानाला काहीही आडकाठी येत नाही. अगदी आदल्या रात्रीचा असला तरी.

त्याच दिवशीची दुसरी गोष्ट मात्र मला अजून बोचते. एका मुलाला मी मोठ्यानं विचारलं, "बाहेर कुठं संबंध?" त्याच्या खांद्यावरून चार मित्र फॉर्ममध्ये डोकावत होते. तो "नाही" म्हणाला आणि मी तसं लिहिलं. संध्याकाळी त्याचा फोन आला, "काका, मी खोटं बोललो." रक्तपेढीला पिशवीचा नंबर कळवून ती पिशवी बाजूला काढायला लावली. त्यानं फोन केला नसता तर? एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे घटक वेगळे होऊन तिघांना जाऊ शकतात.

एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस हा गुप्तरोग, मलेरिया यांची तपासणी प्रत्येक पिशवीची होते, हे खरं. पण एचआयव्हीची लागण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस, नेहमीच्या तपासणीत काही आठवडेसुद्धा, ती सापडत नाही. तेवढ्या काळात रुग्णाला वाचवतं ते दात्याचं खरं उत्तर. आणि खरं उत्तर चारचौघांत कोण देईल? दात्याशी एकट्यानं, गोपनीय बोलावं, असं 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. मांडवात मात्र घाई असते ती बाटल्यांचा आकडा वाढवण्याची. त्यात कुठं कुठं हेल्मेट, टिफिन वाटतात, म्हणजे लपवायला आणखी एक कारण.

काही जण "फुकटात एचआयव्ही तपासून होईल" म्हणून रक्त द्यायला येतात. त्यांना कळकळीची विनंती, असं करू नका. सरकारी दवाखान्यातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि नावही गुप्त राहतं. 1097 वर फोन करूनही माहिती मिळते.

आमच्या मंडळानं आता दोन जुन्या साड्या जोडून पडदा शिवलाय. पुढच्या शिबिरात त्याच्या आड दोन खुर्च्या असतील, एक डॉक्टरची आणि एक दात्याची. प्रत्येक रक्तपेढीनं शिबिराला होकार देण्याआधी आयोजकांना एवढा आडोसा करायला लावावा.

आपला,
एक शिबिर कार्यकर्ता, सेलू (जि. परभणी)