न थांबणारा रातकिडा

३० मे

प्रिय वशा,

आधी शिव्या देऊन घे, मग पुढे वाच. सात तारखेला आपला फोन झाला, त्याला आज तेवीस दिवस झाले. या तेवीस दिवसांत तू फोन केला नाहीस म्हणून मी फुगून बसलो होतो. होय, मीच. "वशाच्या हातात परत गाडी आली आणि मित्र विसरला," असं सुधाला दोनदा ऐकवूनही झालं. परवा सुमन येऊन गेली आणि कळलं, की शिव्या खायच्या बाजूला मी आहे. पत्र लिहितोय कारण फोनवर हे जमणार नाही. का जमणार नाही, तेच सांगायचं आहे.

तब्येत बरी. गुडघा होता तसाच. सुधाची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. पुढे.

बारा तारखेला रात्री वीज गेली. पंखा आळसावून शेवटचे चार फेरे फिरला, थांबला, आणि माणसं एकेक करून अंगणात आली. तुला ठाऊक आहे, मला वीज गेलेली आवडते. हे वाक्य घरात उच्चारायची सोय नाही. पण आजूबाजूची सगळी यंत्रं एकदम गप्प झाली, की उन्हाळ्याची रात्र जरा अंगाला लागते. मुक्ता सुट्टीला आलेली होती. तिला म्हटलं, चल, रातकिडा शोधू. तुझंच शास्त्र शिकवलं तिला. अनवाणी जायचं, तो थांबला की आपण थांबायचं, तो परत सुरू होईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. ओरडतो तो नर, पंखावर पंख घासून, आणि त्याचे कान पुढच्या पायांत असतात गुडघ्याखाली, हेही सांगितलं. ती म्हणाली, "काही लोकांची अक्कल असते तिथे?" सुधाकडे वळून म्हणाली हे विशेष.

मी पुढे, ती मागे. भिंतीच्या कडेने गेलो, टाकीपाशी गेलो, परत फिरलो. रातकिडा थांबायचं नाव घेईना. जवळ जावं तर आवाज वाढत नाही, लांब जावं तर कमी होत नाही. म्हटलं, काय निर्ढावलेला प्राणी आहे. मुद्दाम पाय आपटून पाहिला, तरी ढिम्म. वळून बघतो तर मुक्ता पायरीवर बसलेली. "आजोबा, तो कधीचाच गप्प झालाय. तुम्ही काय शोधताय?"

मी अंधारातच दोन्ही कानांत बोटं घातली. वशा, आवाज वाढला.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता परत लागला बघा, त्या कुंडीच्या मागे." मी वाकून कुंडीला कान लावला. कुंडी गप्प होती.

तर असं आहे. जे आहे ते ऐकू येत नाही आणि जे ऐकू येतं ते नाही. हे सुधाला सांगितलं तर ती म्हणाली, "लग्नापासून तसंच आहे." तुला सांगतोय कारण तू हसणार नाहीस. म्हणजे हसशील, पण नंतर.

एकोणीस तारखेला कान तपासून घेतले. एका खोक्याएवढ्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. खालच्या सुरांपासून ८,००० हर्ट्झपर्यंत सगळं तपासतात. मधे बराच वेळ ती बाई काचेपलीकडून माझ्याकडे नुसतीच बघत होती. मी म्हटलं, मशीन अडकलं असेल. ती तेव्हा आवाज सोडत होती. शेवटी कागद हातात आला. रेघ डावीकडून बरी चाललेली, आणि २,००० च्या पुढे जिना उतरावा तशी खाली. ४,००० ला ६० डेसिबल होईपर्यंत मला पत्ता नाही. साधा काळा रातकिडा गातो तो तिथेच, चार-पाच हजारांच्या आसपास. म्हणजे कान गेलेत असं नाही, नेमका रातकिडा गेलाय. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. आतल्या शंखात केसाळ पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. उंच सुरांच्या अगदी दाराशी बसलेल्या, आणि वयाबरोबर त्याच आधी जातात. गेल्या की परत येत नाहीत. पक्ष्यांच्या येतात. हे लोकांना १९८०च्या दशकात कळलं. आमच्या व्हेंटिलेटरवर चिमणीने घरटं केलंय, तिचे कान बिघडले तर तिला नव्या पेशी फुटणार. काय करायच्यात तिला? दिवसभर स्वतःच बोलत असते.

माझा तो न थांबणारा रातकिडा म्हणजे कर्णनाद. बाहेरून काही येईना की मेंदू आपला आतला आवाज चढवतो, असं काहीसं. रिकाम्या घरात माणूस स्वतःशी बोलायला लागतं तसं. आणि अन्याय बघ, डासाची मादी गुणगुणते ती पाचशे हर्ट्झच्या आसपास. तो पट्टा माझा उत्तम शाबूत आहे. निवड करायला सांगितली असती तर मी काय ठेवलं असतं, सांग.

त्या दिवसापासून मी या महिन्याचा हिशेब नव्याने मांडतोय. आतापर्यंत वाटत होतं, यंदाचा मे छान शांत गेला. दुपारी उघड्या अंगाने फरशीवर पालथं पडायचं, एक जागा तापली की वीतभर सरकायचं. संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की तो वास. नाक शाबूत आहे, देवाची कृपा. (त्या वासाला नाव आहे, पेट्रिकोर, १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी ठेवलेलं. तू म्हणशील, नाव ठेवून वास वाढला का? माहीत आहे.) दोरीवरचे कपडे तासाभरात पापुद्र्यासारखे कडक. रात्री खाट बाहेर, वृश्चिकाची नांगी वर आलेली, ज्येष्ठा लाल. शांतच शांत. आणि आता कळतंय की ही शांतता मेची नव्हतीच. कपडे घडी करताना करकरत होते, मी नुसते बघत होतो. वाळकी पानं अंगणभर सरपटत होती, तीही बघतच होतो. चिमणीची पिल्लं पंधरा दिवस व्हेंटिलेटरमध्ये ओरडत होती म्हणे. मला वाटलं, गुणी आहेत. मोरीतला नळ रात्रभर ठिबकत राहिला आणि सकाळी टाकी रिकामी, त्यावरून मी मुक्ताला बोललो की तुला ऐकू आलं नाही का. बोल आता.

मुक्ताचंच सांगतो. दुपारी सगळे झोपले की ती माझ्या शेजारी येऊन पडायची आणि कानात कुजबुजायची. कुजबुजण्यात घशाचा सूर नसतो, नुसती हवा. मला कानाला ऊब लागायची, बाकी काही नाही. मी मान हलवायचो, मधेच "अरे वा" म्हणायचो. तपासणीनंतर मोठ्या धीराने तिला सांगितलं, बाळा, मला तुझं तेव्हाचं काही ऐकू आलेलं नाही. तर म्हणते, "मला माहितीये. म्हणून तर तुम्हालाच सांगत होते." दोन वर्षांपासून सांगतेय. तिची सगळी गुपितं माझ्यापाशी आहेत आणि मला त्यातलं एक अक्षर ठाऊक नाही. पंचवीसला गेली ती परत.

आता तुझ्याकडे येतो. किती वळणं घेतली ते पाहिलंस ना?

सात तारखेला तू फोनवर म्हणालास, "गच्ची पाडली रे." मी ऐकलं, "गाडी काढली रे." डोळ्याच्या ऑपरेशनपासून तुझी गाडी बंद होती, म्हणून मला खरोखर आनंद झाला. मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल, पण मीही एकदा लिहितो, म्हणजे शिक्षा पूर्ण होईल. मी म्हणालो, "उत्तम! किती वर्षं नुसती पडून होती! आता रोज थोडी थोडी काढत जा, हात बसेल." तू गप्प झालास. मी म्हणालो, "वहिनींनाही बसव शेजारी." मग तू "बरं, ठेवतो" म्हणालास.

सुमन सांगत होती, की स्लॅब गळत होता, मुलांनी ठरवलं, तू हो म्हणालास आणि पाडायचे दोन्ही दिवस देवळाच्या पायरीवर जाऊन बसलास. "आणि संध्याकाळी दादाने फक्त तुम्हालाच फोन केला," म्हणाली. घरात आल्यावर वहिनींना म्हणालास म्हणे, "अरव्याला आनंद झाला." बाकी काही नाही. सुमन गेल्यावर मी बराच वेळ पायरीवर बसलो होतो. रातकिडा सोबतीला होता, माझा.

मला खरा घोर वेगळाच लागलाय. त्या दिवशी मला नीट ऐकू आलं नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. "काय म्हणालास?" विचारायला हवं होतं. पण वशा, दिवसातून चाळीस वेळा "काय?" विचारायचा कंटाळा येतो, आणि समोरच्याचा चेहरा बघायचा त्याहून. मग माणूस अंदाज बांधतो. स्वर खालचे असतात ते पोचतात. च, छ, स, फ असली हवेची अक्षरं पडतात. मधल्या फटी मी भरतो, आणि माझ्या मर्जीच्या शब्दांनी भरतो. तुझा आवाज आधीच खर्जातला. त्यामुळे तू बोलतोयस एवढं मला नेहमी कळायचं. काय बोलतोयस ते किती वर्षांपासून कळलेलं नाही, कोण जाणे. डिसेंबरात तू पाऊण तास बोलत होतास आणि मी "बरोबर, बरोबर" म्हणत होतो. काय बरोबर होतं त्यात? नितीनबद्दल होतं काही? पैशाचं होतं? तू मला काही विचारलं होतंस आणि मी बरोबर म्हणालो, असं तर नाही? रात्री पडल्या पडल्या एकेक फोन आठवतो. तुझा सूर आठवतो, चढ-उतार आठवतात, शब्द एक नाही. धुतलेल्या पाटीसारखं.

आणि पडून पडून गच्चीच आठवते, दुसरं काय. नववीची सुट्टी. कुठल्याशा मासिकात मी वाचलं होतं, की डॉलबेअर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने १८९७ साली रातकिड्यावरून तापमान काढायचं सूत्र दिलं. त्याचं सोपं रूप म्हणजे आठ सेकंदांत किती वेळा ओरडतो ते मोजायचं आणि पाच मिळवायचे, झाले सेल्सिअस. तू म्हणालास, आपला रातकिडा अमेरिकन आहे का? (बरोबर होतं तुझं. त्याचा झाडावरचा, जात वेगळी. हे मान्य करायला मला ५४ वर्षं लागली, नोंद घे.) घड्याळ तुझ्या वडलांचं, थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतून "आणलेला". तू मोजलेस ३१, मी मोजले २४. थर्मामीटर म्हणाला २९. म्हणजे मी तंतोतंत! आणि तू म्हणालास, मी आधी थर्मामीटर पाहून ठेवला होता. त्या ओढाओढीत तो फुटला आणि पारा गच्चीभर पळाला. आपण चांदण्यात पोस्टकार्डाने गोळा करत होतो, एका गोळीचे चार व्हायचे, चारांचा एक. तुझ्या हातावर घेऊन तू म्हणालास, "गार आहे." मग खालून काका आले. मार तुला जास्त बसला, कारण तू जवळ होतास. त्याबद्दल मी कधी काही म्हटलं नाही, आत्ताही म्हणत नाही.

पुढच्या दिवशी तू खिळ्याने कठड्यावर तिन्ही आकडे कोरलेस, पाण्याच्या पाइपाजवळच्या कोपऱ्यात. गेल्या दिवाळीत तुझ्याकडे आलो होतो तेव्हा अंगठ्याने चाचपून पाहिले होते. २४ बुजत आला होता, तुझे ३१ ठणठणीत. आधीच वर्चस्व. तो तुकडा राडारोड्याबरोबर गेला असणार. गेला असेल तर तसं लिही, ठेवला असलास तरी लिही. विचारायचं धाडस सुमनपाशी झालं नाही.

तुझ्या डोळ्याचं काय? दुसरा कधी करतोयस, की पावसाळ्यानंतर? वहिनींना नमस्कार, मी कुठल्या गाडीत बसवत होतो ते त्यांनाही वाचून दाखव. नितीनला आशीर्वाद, त्याची बातमी पुन्हा एकदा सविस्तर, बहुधा तू ती आधी सांगितलेली आहेस.

कानाचं मशीन पुढच्या आठवड्यात मिळेल. पहिले काही दिवस भांडी डोक्यात पडल्यासारखी वाजतात म्हणतात. ते सगळं होऊ दे. पाऊस लागायच्या आत एका रात्री नऊ वाजता मी कुंडीपाशी बसणार आहे, आठ सेकंद मोजणार आहे आणि आकडा तुला कार्डावर कळवणार आहे. तूही तुझ्याकडे मोज. गच्ची नाही तर खालच्या पायरीवर बस. घड्याळ तुझंच खरं धरू.

उत्तर पत्राने दे, फोन नको. अक्षर मोठं काढ, माझे डोळे चांगले आहेत, पण तुझं अक्षर नाही.

तुझा,
अरव्या

ता. क. गच्चीबद्दल जे बोललो त्याची माफी मागतो. थर्मामीटरबद्दल नाही. तो तूच फोडलास.