ओढ्याकाठचं घर

आण्णा, आई,

रविवारी फोनवर आण्णा म्हणाले, "ओढ्याकाठचं घर घेतलीस? आणि वर त्याचे जास्त पैसे दिलीस?" आणि मी काही बोलायच्या आत दादानं फोन काढून घेतला. तेव्हापासनं ते वाक्य डोक्यातनं जाईना, म्हणून आज पिल्लूला झोपवून लिहायला बसलोय. (होय, अजून 'बसलोय'च म्हणतो. इथल्या पुण्याच्या मैत्रिणी हसतात, बाई असून येतो-जातो काय गं. हसू देत.)

पहिली गोष्ट, घर अजून घेतलेलं नाही, नुसती ऑफर दिलीय. दुसरी, मागं ओढा आहे हे खरं, पण तो आपल्या कोल्हापुरातल्या जयंती नाल्यासारखा नाही, आणि त्याच्याकडेनं चालायची वाट आहे म्हणूनच त्या घरावर उड्या पडालेत. आमच्या आधी तिघांनी ऑफर टाकलीय.

तुम्हाला 2019 चा पूर आठवत असणार ते कळतंय मला. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेचं पाणी 39 फूट, म्हणजे इशारा पातळी, झालं की तुम्ही टीव्हीसमोरनं उठत नाही आणि 43, म्हणजे धोका पातळी, झालं की शुक्रवार पेठेत आत्याचा सिलिंडर माडीवर. म्हणून सगळं नीट सांगतो.

आम्ही राहतो ते कॅरी म्हणजे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॅले शहराचं उपनगर. गावभर ओढे आहेत, आणि ओढ्याकडंच्या जागेत पाणी चढतं म्हणून तिथं घरं बांधायला सहजासहजी देत नाहीत. मग त्या रिकाम्या पट्ट्यात यांनी काय केलं, तर डांबरी पायवाट टाकली, दहा फुटाच्या आसपास रुंद, मधी ओलसर जागा आली की लाकडी पूल. याला ग्रीनवे म्हणतात. आता गंमत ऐका, त्याच पट्ट्यातनं गावाची ड्रेनेजची मोठी लाइन पण जाते, कारण सांडपाणी उतारानं खाली येणार आणि सगळ्यात खालची जागा म्हणजे ओढा. लाइन टाकायला झाडं तोडून जागा मोकळी केलेलीच असते, तिथंच वाट बसवायची. त्यामुळं इतक्या झाडीत चालताना मधीच सिमेंटचे गोल मॅनहोल दिसतात, जमिनीच्या वर तीन-चार फूट उचललेले, आपल्या मळ्यातल्या विहिरीच्या कठड्यागत. पूर आला तरी पाणी आत शिरू नये म्हणून. पिल्लू त्याला "राक्षसाचा डबा" म्हणते. उन्हाळ्यात कधीकधी वास पण येतो, ते मात्र घराच्या जाहिरातीत कोण लिहीत नाही.

जाहिरातीत पहिला फोटो स्वयंपाकघराचा असेल असं मला वाटायचं. नाही. पहिला नाहीतर दुसरा फोटो झाडीतल्या वाटेचाच. खाली लिहिलेलं, "ट्रेलपासून चालत पाच मिनिटं". शेजारच्या एपेक्स गावात शेफर्ड्स व्हिनयार्ड म्हणून एक कॉलनी आहे, तिथं बिल्डरनं ग्रीनवेला लागून असलेल्या 40 घरांचा भाव 5,000 डॉलरनं चढवला होता आणि तरी तीच घरं आधी विकली गेली. म्हणजे आण्णा, तुमची लेक एकटीच येडी नाही.

पण लोकांना एवढं काय वाटतं त्याचं, हे मला पण पहिली दोन वर्षं कळलं नव्हतं. इथं दूध आणायचं तरी गाडी काढायची, कॉलनीच्या बाहेर पडलं की फुटपाथ संपतो. आई, तू सकाळी रंकाळ्याला जातेस तेव्हा चार जणी भेटतात, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या गुडघ्याचं कळतं, येताना भाजी. इथं माणसानं माणसाला सहज भेटायची जागाच ती वाट आहे. संध्याकाळी गेलं की कुत्री फिरवणारे, लेकरांच्या गाड्या ढकलणारे, आपल्याकडनं सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा, साडीवर स्पोर्ट शूज घालून. एक तेलुगू आजी मला रोज "चपाती झाली का" असं हिंदीत विचारतात. अजून त्यांचं नाव विचारलेलं नाही.

आणि अमेरिकन टोबॅको ट्रेल म्हणून एक आहे, त्याची तर तुम्हाला लई मजा वाटेल. डरहॅम म्हणजे इथलं निपाणी समजा, तंबाखूचे मोठे कारखाने होते. तिथं माल न्यायला रेल्वे होती, ती बंद पडल्यावर रूळ उचलून 22 मैलांची, म्हणजे साधारण 35 किलोमीटरची वाट केली. रेल्वेची असल्यानं चढ अगदी बेताचा, गुडघेदुखीवाल्यांना बरं. आमच्याकडच्या टप्प्यात बारीक खडी आहे, घोडे पण चालवतात लोक. तुमचे जावई तिथं सायकलवरनं जातात आणि येऊन दोन तास झोपतात.

बरं, सगळं गोड गोड नाही. कॉपरहेड नावाचा विषारी साप असतो, पाचोळ्याच्या रंगाचा, पायाजवळ असला तरी दिसत नाही. गोचीड चिकटतात, आल्या आल्या पिल्लूचे पाय तपासायचे. वसंतात पाइनचे पिवळे परागकण, गाडीवर हळदीचा थर बसल्यागत. हरणं येऊन मेथी खाऊन जातात, आणि मेथी इथं किती जपून लावतो ते मलाच माहीत.

आणि आता ते मुख्य, ज्याच्यामुळं मी हे एवढं लिहालोय. आधी आम्ही एक दुसरं घर बघितलं होतं, ग्रीनवेला अगदी पाठ टेकून. नकाशात वाट आणि घर यात बोटभर पण अंतर नाही. एजंट म्हणाली, अंगणातनंच निसर्ग. मी म्हटलं चला बघू, आणि पिल्लूला घेऊन निघालो. कुंपणाला फाटक नाही, मधी दाट झाडी आणि ओढा, उतरायला जागाच नाही! मग कॉलनीला वळसा, मोठा रस्ता, सिग्नल, पलीकडं पार्किंग, तिथनं वाट सुरू. घड्याळात बघितलं तर अठरा मिनिटं. म्हणजे वाट दिसणार रोज, जायचं म्हटलं की गाडी काढा. वर वाटेवरनं जाणाऱ्या प्रत्येकाला आपलं स्वयंपाकघर दिसणार, मी फोडणी घालताना कोण अनोळखी माणूस हात हलवणार. नको म्हटलं.

आता ऑफर दिलेलं घर दोन गल्ल्या मागं आहे, ओढ्यापेक्षा बरंच उंचावर. सरकारच्या पूरनकाशात रेषेच्या बाहेर आहे का ते मी पत्ता टाकून दोनदा तपासलं, कारण रेषेच्या आत असलं की बँक कर्ज देताना पुराचा वेगळा विमा काढायला लावते. त्या घरापासनं गल्लीच्या टोकाला एक छोटी बोळ आहे, दोन कुंपणांच्या मधनं, ती थेट ग्रीनवेवर उतरते. चार मिनिटं. पिल्लूच्या छोट्या सायकलनं सहा, कारण ती प्रत्येक राक्षसाच्या डब्यापाशी थांबते.

आता तुमचं. रंकाळ्याजवळ तुमच्यासाठी बघताय त्या फ्लॅटच्या स्कीमचं ब्रोशर दादानं पाठवलंय, "लेक व्ह्यू, गार्डन, वॉकिंग ट्रॅक". आण्णा, मोठ्या प्लॉटवर 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते नियमानं, ती काय बिल्डरचा मोठेपणा नाही, त्यामुळं गार्डनचे जास्त पैसे मागितले तर हसून चहा प्या. ती जागा मंजूर नकाशात कुठं दाखवलीय ते बघा, आणि पूररेषेचा नकाशा, निळी (25 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (100 वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची) दोन्ही, दादाला सांगा तोंडी नको, कागद दाखव. लेक व्ह्यूचं म्हणाल तर चौथ्या मजल्यावरनं तळं दिसेल, पण त्यावरचं केंदाळ (जलपर्णी) सुद्धा दिसेल आणि वास लिफ्टनं येत नाही, खिडकीतनं येतो.

एवढं करा माझ्यासाठी. एका सकाळी त्या साइटपासनं रंकाळ्याच्या पदपथापर्यंत आई आणि तुम्ही चालत जा. दादाची गाडी नको, तो दोन मिनिटात सोडतो आणि म्हणतो बघा जवळ आहे. मधी तो मोठा रस्ता आईला एकटीला ओलांडता येतो का ते बघा, आणि सकाळी सातला जसं ट्रॅफिक असतं तशातच बघा, रविवारी नको. किती मिनिटं लागली ते पुढच्या फोनला सांगा, मी लिहून ठेवतो.

आणि आई, कांदा-लसूण चटणी संपत आलीय, कोण येणारं असेल तर.

तुमची
धाकटी