नातीची वही ‘अपूर्ण’ का आहे?

मा. शिक्षणमंत्री,
इस्रायल सरकार, जेरुसलेम

शालोम.

या पत्राची हिब्रू प्रत तुमच्या कार्यालयात गेलीच आहे. मराठीत लिहितेय ते इथल्या, इस्रायलमधल्या आमच्या अश्दोद-लोद-दिमोनाच्या आणि तिकडे अलिबाग-रेवदंड्याच्या माणसांसाठी. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी, शनिवार तेल्यांच्या घरातली. आमच्या वाडवडिलांनी घाणा चालवला, शनिवारी बंद ठेवला, आणि त्यावरून कुणी आमच्या दारावर चालून आलं नाही. लग्न मात्र पोलंडमधल्या लोद्झहून, नाझींच्या तावडीतून जीव वाचवून आलेल्या बाईच्या मुलाशी झालं.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बटाट्याची भाजी केली आणि साली केरात टाकल्या. सासूबाई उठल्या, एकेक साल उचलून धुतली, फडक्यावर वाळत घातली. बोलल्या काहीच नाहीत. मला वाटलं, नव्या सुनेला काटकसरीचा धडा! लोद्झच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, बटाट्याच्या साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळायच्या, हे फार उशिरा वाचनात आलं. नवऱ्यालाही ते मीच सांगितलं. त्याला कारण ठाऊक नव्हतं, पण केरात साली दिसल्या की घास अडायचा, अजून अडतो. 1961 मध्ये ज्यूंच्या कत्तलीतला नाझी अधिकारी आइकमन याचा खटला रेडिओवर लागायचा, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आई रेडिओ बंद करायची नाही, नुसता आवाज बारीक करायची. एवढंच त्याला आठवतं.

मी तीस वर्षं नर्स होते, म्हणून ‘आई-बापांचा धसका मुलांत रक्तातूनच येतो’ असं कुणी ठासून म्हणालं की जरा थांबते. 2015 साली न्यूयॉर्कच्या रेचेल येहुदा यांचा अभ्यास गाजला. त्यात होलोकॉस्टमधून, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारातून, वाचलेले 32 जण आणि त्यांची 22 मुलं होती. तुलनेला 8 पालक आणि 9 मुलं. ताणाशी संबंधित एका जनुकावरच्या रासायनिक खुणा पालकांत जास्त आढळल्या, मुलांत उलट कमी. अभ्यास विचार करायला लावणारा आहे, पण एवढ्याशा आकड्यांवर वंशपरंपरेचा शिक्का मारू नये. आमच्या घरात जे उतरलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ते केराच्या डब्यातून उतरलं, बारीक केलेल्या आवाजातून उतरलं.

आता तुमच्या खात्याकडे येते. 2014 पासून शोआचा, म्हणजे होलोकॉस्टचा, अभ्यासक्रम बालवाडीपासून आहे. योम हाशोआला, म्हणजे त्याच्या स्मृतिदिनी, सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो, एका सुरात. रॉकेट येतंय हे सांगणारा भोंगा वर-खाली हेलकावतो. पाच वर्षांच्या पोराला हा फरक कोण सांगणार? आमचा धाकटा नातू ममादमध्ये, म्हणजे घरातल्या रॉकेटपासून बचावाच्या खोलीत, पळाला आणि कानांवर हात ठेवून बसला. त्याच्या पणजीच्या भीतीवर त्याची स्वतःची भीती चढली. (कुंपणापलीकडच्या, गाझातल्या मुलांच्या घरांतही आज असंच काही उतरत असणार, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.) भोंग्याच्या आदल्या दिवशी बालवाडीच्या बाईंनी दोन्ही आवाज मुलांना ऐकवावेत, आणि आई-बापांना बोलावून घरात कुणाचं काय दुखतं हे समुपदेशकाने विचारावं. याला फार पैसे लागत नाहीत.

थोरली नात सातवीत आहे. ‘मुळं’ प्रकल्पात वंशवेल भरायची होती. माझ्या बाजूचं पान गच्च भरलं, कोकणातल्या गावांच्या नावांसकट. सासूबाईंच्या बाजूला सात चौकटी आणि नाव एकच. शिक्षिकेने लाल पेनाने लिहिलं, ‘अपूर्ण’. त्या बाईंवर माझा राग नाही. छापील तक्त्यात ‘माहीत नाही’ लिहायला जागाच नव्हती. ती जागा तुम्ही छापून द्या.

जेरुसलेमचं होलोकॉस्ट स्मारक याद वाशेम मारल्या गेलेल्यांच्या नावाने साक्षपत्र भरून घेतं; सासूबाईंनी ते आपल्या धाकट्या भावासाठी कधी भरलं नाही. भरलं म्हणजे तो गेला, असं त्यांना वाटत असावं. मागच्या महिन्यात नातीच्या हट्टाने आम्ही ते जेवणाच्या टेबलावर भरायला घेतलं. आमच्या ह्यांचं नाव त्याच मामाचं ठेवलेलं. मृताच्या नावाच्या जागी त्यांना स्वतःचं नाव लिहावं लागलं. लिहिलं, मग पेन खाली ठेवून हात धुवायला गेले. फोटोची चौकट रिकामी आहे.

त्या साक्षपत्राची प्रत वहीत चिकटवून वही शाळेत परत पाठवतेय.

आपली,
अश्दोदमधली एक आजी