भरतीच्या वेळी या

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता आमच्यानं चालवत नाही, पक्षी तूच बघ." ते मनाला लागलं, म्हणून लिहायला बसले. बाबा, किनाऱ्यावरच्या पक्ष्यांना चालणारी माणसं नकोच असतात!

ओहोटीला तुतवार, चिखल्या, लांब चोचीचे गॉडविट असे चिखलात चरणारे पक्षी दूरवर पांगलेले असतात. दुर्बिणीतूनही नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की पाणीच त्यांना आपल्याकडे सरकवत आणतं. आपण पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी, ऊन पाठीवर घेऊन खुर्चीत बसायचं. हालचाल जितकी कमी तितकं चांगलं, कारण थवा उगाच उडाला की पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी वाया जाते.

आणि प्रवास तरी केवढा! 2022 मध्ये ट्रान्समीटर लावलेलं एक गॉडविट अलास्काहून निघालं ते थेट ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर उतरलं. 11 दिवस, सुमारे 13,560 किलोमीटर, वाटेत कुठेही न टेकता. वय जेमतेम पाच महिने. निघण्याआधी हे पक्षी भरपूर चरबी साठवतात आणि जठर-आतडी आकसून घेतात, तेवढंच ओझं कमी.

आई, तुला एक गोष्ट मुद्दाम दाखवायची आहे. यांच्यातल्या बऱ्याच जातींत मोठे पक्षी आधी निघून जातात आणि पिल्लं काही आठवड्यांनी मागून येतात. वाट दाखवायला सोबत कुणी नसतं. दिशा उपजतच ठाऊक असते. शरदाच्या सुरुवातीला विणीचा रंग उडत चाललेले मोठे दिसतात, मग पिल्लं. पिल्लांच्या पिसांच्या कडा फिकट आणि अगदी कोऱ्या असतात, त्यावरून ओळखायचं. चिखलात चोच खुपसणारं असं एखादं पिल्लू बघितलं की मला तू शेजारी हवी असतेस.

शिकारी पक्षीही दिसतील. घिरट्या घालत वर चढायला त्यांना तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा लागते, ती समुद्रावर फारशी मिळत नाही. म्हणून ते किनारा धरून जातात आणि भूशिरांवर गोळा होतात.

पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आसपास या, भरती मोठी असते. वारा बोचतो, म्हणून कानटोप्या आणा. बाबा, गुडघ्याचं औषध विसरू नका. पाठीला टेकायला मिळेल अशा दोन खुर्च्या मी आणून ठेवल्या आहेत. तारीख कळवा, तिकिटं मी काढते.

तुमची लेक