दुसऱ्याच्या प्लॉटचा सॉइल रिपोर्ट आपल्या घराखाली चालत नाही

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

लातूरच्या बाहेर नव्या वस्तीत आम्ही भावाभावांनी घर काढलंय, तळमजला अधिक दोन. परवानगीची फाइल इंजिनिअरने तयार करून दिली तेव्हा त्यात सॉइल टेस्टचा रिपोर्टही होता. मला बरं वाटलं, पण मनात आलं की आपल्या प्लॉटवर माती तपासायला बोअर मारायला तर कोणीच आलं नव्हतं. मग रिपोर्ट नीट वाचला. दीड मीटरवर मुरूम लागल्याचं लिहिलेलं. आम्ही जेसीबीने एक खड्डा घेतला तर तीन मीटर खाली गेलो तरी काळीच माती, ओलसर, बकेटला चिकटून बसणारी. विचारल्यावर कळलं की रिपोर्ट पलीकडच्या लेआउटमधल्या प्लॉटचा, वरचं नाव आणि गट नंबर तेवढा बदललेला. "सगळे असंच करतात, फाइलला कागद लागतो" असं उत्तर मिळालं.

हे लातूरात घडतंय म्हणून जास्त लागलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली तेव्हा मी शाळेत शिकत होतो, आदल्या रात्री विसर्जनाची मिरवणूक बघून येऊन झोपलेलो, फडताळातली सगळी भांडी खाली आली तो आवाज अजून कानात आहे. किल्लारी, सास्तूर भागात दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली हजारो माणसं झोपेतच गेली. त्याआधी हा भाग भूकंपाच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता, नंतर नकाशा बदलला आणि आपण झोन तीनमध्ये आलो. 2024 मध्ये मार्चला आणि परत जुलैला हिंगोलीकडे 4.5 चे धक्के बसले, नांदेड-परभणीकडेही लोक घराबाहेर पळाले.

माती परीक्षण म्हटलं की आपल्याकडे लोकांना शेतातलं नत्र, स्फुरद, पालाश आठवतं. घराखालच्या मातीचं परीक्षण वेगळं, आणि ते कसं करतात हे मी यावेळी उभं राहून बघितलं, कारण शेवटी आम्ही पैसे भरून दुसरी माणसं बोलावली. तिपाई उभी करून बोअर घेतात आणि ठराविक खोलीवर खाली नळी ठेवून वरून साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पाऊण मीटरवरून सोडतात. नळी 15-15 सेंटीमीटर अशी तीनदा खाली जायला किती ठोके लागले ते एक जण मोजून वहीत लिहितो, पहिले 15 सोडून देतात आणि पुढच्या दोन्हींची बेरीज म्हणजे त्या मातीचा एन. आमच्याकडे दीड मीटरवर दोन, तीन, तीन ठोके पडले, म्हणजे एन सहा. भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाच्या 2016 च्या भारतीय नियमावलीत, म्हणजे कोडात, दहाच्या खालची अशी माती मऊ धरतात. नळीत आलेला मातीचा गोळा अंगठ्याने दाबला तर सहज दबत होता.

मऊ मातीत भूकंपाची लाट हळू होते आणि हेलकावा वाढतो, म्हणून केंद्रापासून लांब आहोत एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. 2001 ला भूकंप कच्छमध्ये झाला आणि दोनशेच्या वर किलोमीटर लांब अहमदाबादला साबरमतीच्या गाळावरच्या कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. तिथे पार्किंगसाठी तळमजला नुसत्या कॉलमवर मोकळा सोडलेला हेही कारण होतंच, पण खालच्या गाळाने धक्का वाढवला हे नंतरच्या अभ्यासात पुढे आलं. उंच इमारतीला आपला कोडसुद्धा मऊ मातीवर कडक जमिनीपेक्षा 67 टक्क्यांपर्यंत जास्त जोर धरायला लावतो. आता रिपोर्टच दुसऱ्या प्लॉटचा असेल तर डिझाइन करणारा तो आकडा धरणार कुठून, आणि स्टील कितीही भारी ब्रँडचं टाकलं तरी काय उपयोग?

त्यात आपली काळी माती भूकंप नसतानाही स्वस्थ बसत नाही, उन्हाळ्यात भेगेत हात जातो आणि पावसाळ्यात तीच फुगून फरशा उचलते. घराला आधीच तडे गेलेले असले तर धक्का बसल्यावर काय होईल ते सांगायला नको.

माझी मागणी साधी आहे. नगरपालिका, महानगरपालिकेने परवानगी देताना बोअर त्याच प्लॉटवर झाल्याचा जागेच्या नोंदीसह फोटो आणि ठोक्यांची मूळ वही मागावी, आणि पाया खोदून झाल्यावर काँक्रीट ओतायच्या आधी कोणीतरी येऊन खालची माती रिपोर्टशी जुळते का ते बघावं. गुत्तेदार म्हणतात खर्च वाढतो, पण आमच्या बोअरला आणि लॅबला मिळून जेवढे गेले त्यापेक्षा जास्त आम्ही गेटच्या कमानीसाठी धरले होते, ती कमान आता रद्द केली.

आम्हाला मुरूम चार मीटरच्या पुढे लागला. फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, तिथपर्यंत नेऊन एकमेकांना बीमने बांधायचं ठरलंय, काम दोन महिने लांबलं. शेजारच्यांना आमचा रिपोर्ट दाखवायला गेलो, त्यांचा पाया पाच फुटांवरच बसवलेला, फाइलमध्ये कागद तोच आमच्यासारखा, आणि वर दुसऱ्या मजल्याचं प्लॅस्टर चालू होतं.

आपला,
एक वाचक, लातूर