किल्ली कुणाकडं आहे साहेब?

माननीय मंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाही, टाकलं की तुमची पोरं दारात येऊन उभी राहतात आणि मला तेवढा टाइम नाही. मी मंगळवार पेठेत राहतो, ब्लाउज शिवतो (बाईच लिहितेय, आमच्या कोल्हापुरात बायकापण येतो-जातोच म्हणतात) आणि सहा वर्षं झाली सासूबाईंना, आमच्या आत्तींना, सांभाळतो. डिमेन्शिया आहे, विसरायचा आजार.

मंगळवारी तुमच्या त्या केंद्रावर गेलो होतो. दिवाळीआधी तुम्ही फीत कापली तेच. आम्हाला पुढं बसवून माइकवर म्हणालात, आठवड्यातनं दोन दिवस चार-चार तास तुमची म्हातारी माणसं आम्ही बघतो, घरच्यांशी बोलायला समुपदेशक ठेवतो, ताईंनो जरा मोकळा श्वास घ्या. मधे आत्तींना न्युमोनिया झालता म्हणून जमलं नाही, आत्ता कुठं निघालो. रिक्षात बसवायलाच अर्धा तास गेला, एक चप्पल घातली की दुसरी काढून टाकत्यात. तिथं बघतोय तर दाराला कुलूप, आणि खिडकीतनं आत मंडपाच्या खुर्च्या, पार छतापर्यंत. वॉचमन म्हणाला, दोनदा चाललं, मग पुढची ऑर्डरच आली नाही. घ्या मोकळा श्वास!

आमच्या घरची रात्र सांगतो साहेब. तीनला आत्ती उठत्यात, "म्हस सोडली का गं?" म्हणून. म्हस विकून वीस वर्षं झाली, गंगावेशीत दूध घालायचं तर त्याच्याही आधी बंद झालं, पण त्यांना आत्ता जायचं असतंय, किटली शोधत कडी वाजवत बसत्यात. म्हणून माझा पदर त्यांच्या मनगटाला बांधून झोपतो मी. नवरा ट्रकवर, पंधरा दिवसांनी येणार. नणंद फोनवर रडते, झालं.

मंगळवारी कुलूप बघून आलो आणि त्या रात्री मी आत्तींवर हात उचलला. लिहायला लाज वाटते. कडी धरलेला हात होता त्यांचा, त्याच्यावर मारलं. सकाळी त्यांना काही आठवत नव्हतं, चहात बटर बुडवून मलाच देत होत्या. मला आठवतंय की.

14416 ला फोन केला. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारची हेल्पलाइन, रात्रीपण उचलतात, पोरगी चांगली बोलली, मी वीस मिनिटं रडलो. पण ती पोरगी येऊन आत्तींना धरून बसणार आहे का, मी अंघोळ करेपर्यंत? रात्रीला बाई ठेवायची तर महिन्याला पंधरा हजार मागतात. लाडक्या बहिणीचे 1500 घेतो मी, खोटं कशाला बोलू, म्हणजे महिन्यातल्या तीन रात्री झाल्या.

आणि हे काय मी भीक मागत नाहीये. भाच्यानं मोबाइलवर दाखवलं, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात 18 वं कलम आहे, त्यात पेशंटच्या कुटुंबाला आधार द्यायची सेवा सरकारनं द्यावी असं चक्क लिहिलंय. 2016 च्या दिव्यांग कायद्यात तर काळजी घेणाऱ्यासाठी भत्ता हा शब्दच आहे. खिडकीवर विचारलं तर म्हणाले दिव्यांग असल्याचं सर्टिफिकेट आणा, सर्टिफिकेटला गेलो तर म्हणाले पेशंट घेऊन या आणि लाइनीत थांबा. तीन तास लाइनीत, आत्तींना घेऊन! एकदा तुम्ही थांबून दाखवा.

साठीच्या वरच्या शंभरात सात जणांना हा डिमेन्शिया असतोय म्हणे. जिल्ह्यात 2011 लाच 38 लाखांवर माणसं होती, दहात एक म्हातारं धरा, पंचवीस-सत्तावीस हजार घरं झाली की ओ, कमी-जास्त तुम्ही मोजा, तुमच्याकडं माणसं आहेत. एवढ्या घरात कोण तरी एक बाई जागी आहे, बाईच असणार, आणि तिची मोजदाद कुठल्याच रजिस्टरात नाही. वाढदिवसाच्या कमानीला रातोरात परवानगी मिळते, चार तासाच्या दोन बायकांच्या पगाराची फाइल मात्र फिरतच राहते. वर भाषणात ऐकायचं, आपली संस्कृती, आपली एकत्र कुटुंबं. कुटुंब म्हणजे मीच की साहेब, एकटी.

मला सत्कार नको, नारळ तर नकोच. त्या खुर्च्या हलवा, दोन बायका नेमा, पगार वेळेवर द्या. येत्या मंगळवारी अकराला आत्तींना घेऊन परत येतोय. कुलूप असलं तर पायरीवर बसणार, दुपारपर्यंत, आत्तींनी वाटेल ते केलं तरी. किल्ली कुणाकडं आहे तेवढं कळवा.

थांबतो, आत्ती उठल्यात. म्हस सोडायची आहे.

मंगळवार पेठेतली एक सून